व्याधिशेष

ऋण, अग्नि आणि व्याधि यांचा शेष ठेवूं नये, असें आपल्याकडील वडीलधारीं माणसें सांगत आलीं आहेत. ऋणाचा शेष वहींत दिसतो, अग्नीचा धुरावरून कळतो. पण कर्करोगाचा शेष मोठमोठ्या धन्वंतरींच्या नजरेसही पुष्कळदां पडत नाहीं. कर्करोगांतून उठलेल्या माणसाला पुढें दुसऱ्याचें मूत्रपिंड किंवा यकृत बसवावें लागलें, तर या अदृश्य शेषाचें काय करावयाचें, हा प्रश्न आज कित्येक कुटुंबांपुढें उभा आहे. त्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्यास निमित्त घरगुतीच झालें. आमचे एक शाळासोबती आंतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होऊन बरे झाले. पुढें सहा वर्षांनीं त्यांचीं दोन्ही मूत्रपिंडें निकामी झालीं आणि आठवड्यांतून तीनदां यंत्रावर रक्त शुद्ध करून घेण्याची पाळी आली. शेवटीं वहिनींनीं आपलें एक मूत्रपिंड दिलें. दोन वर्षें सुखांत गेलीं. मग डॉक्टरांनीं आंतड्याच्या तपासणीची तारीख दिली, तेव्हां घरांत कुरकुर सुरू झाली. थोरले चिरंजीव आम्हांस म्हणाले, "काका, बाबा आतां रोज सकाळीं पर्वती चढून येतात. धडधाकट माणसाला इस्पितळाच्या खेपा कशाला?" मातोश्री म्हणाल्या, "गेलेल्या दुखण्याचें नांव घरांत काढूं नये." आणि खुद्द आमच्या मित्रांनीं तर औषधाच्या वेष्टनांतील कागदावर कर्करोगाचा उल्लेख वाचून, कोणासही न सांगतां, गोळ्या निम्म्या केल्या होत्या! तिघांचाही हेतु चांगला; पण तिघांचीही समजूत चुकीची. ती कशी, हें पाहण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

१९५४ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बोस्टन शहरीं डॉ. जोसेफ मरे यांनीं एका भावाचें मूत्रपिंड दुसऱ्या भावास बसविलें व तें यशस्वी झालें. ते दोघे एकरूप जुळे होते, म्हणून शरीरानें तो अवयव आपलाच मानला. इतरांच्या बाबतींत तसें घडत नाहीं. रक्तांतील पांढऱ्या पेशी या शरीराच्या पहारेकरी होत. परका अवयव दिसतांच त्या त्यावर तुटून पडतात. त्यांना आवरण्यासाठीं प्रथम अ‍ॅझाथायोप्रिन, १९८० नंतर सायक्लोस्पोरिन आणि पुढें टॅक्रोलिमस अशीं औषधें आलीं. परंतु "एवढ्या एका पाहुण्यास सोड, बाकीच्यांवर नजर ठेव," असें पहारेकऱ्यास बजावतां येत नाहीं. त्याची नजर मंद केली कीं ती सर्वांविषयींच मंद होते. आणि बिघडलेल्या पेशी वेळींच टिपण्याचें कामही त्याच्याकडेच असतें.

याचें एक विलक्षण प्रत्यंतर बोस्टनच्याच डॉक्टरांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केलें. एका रोग्यास बसविलेल्या मूत्रपिंडाबरोबर दात्याचा कर्करोगही नकळत आला होता. तें लक्षांत येतांच प्रतिकार दडपणारीं औषधें बंद करण्यांत आलीं. तेव्हां शरीरानें मूत्रपिंड नाकारलें, आणि त्याबरोबर तो कर्करोगही नाकारला. तो कर्करोग परक्याचा होता, स्वतःच्या शरीरांतला नव्हता, हें खरें. तथापि पहारेकऱ्याचें सामर्थ्य केवढें, हें त्यावरून कळून येतें.

त्याच वर्षीं डेन्व्हर येथें डॉ. इझ्रायल पेन यांनीं अवयवरोपण झालेल्या रोग्यांतील कर्करोगांची एक नोंदवही घातली. ती पुढें सिनसिनाटी येथें चालली. रोपणापूर्वीं कर्करोग होऊन गेलेल्या शेंकडों रोग्यांची त्यांनीं छाननी केली. सुमारें पांचांत एकास तो पुन्हां उद्भवला. आणि ज्यांस उद्भवला त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांच्या बाबतींत कर्करोगाचे उपचार व रोपण यांमध्यें दोन वर्षांहून कमी अंतर होतें. म्हणजे रोपणापूर्वीं कांहीं काळ थांबणें, हीच पहिली दक्षता ठरली.

आतां सर्वांना एकच मुदत लावीत नाहींत. कर्करोगाची जात व अवस्था पाहून ती ठरवितात. मूत्रपिंडांतील सहज सांपडलेली लहानशी गांठ काढून टाकली असेल, तर बहुधा थांबावें लागत नाहीं. स्तनाच्या किंवा आंतड्याच्या आरंभींच्या कर्करोगांत निदान दोन वर्षें, आणि मेलानोमा नामक त्वचेच्या कर्करोगांत निदान पांच वर्षें थांबण्याचा सल्ला २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनांत आहे. थांबण्यासही किंमत पडते. यंत्रावर काढलेलें प्रत्येक वर्ष शरीर झिजवितें. यकृताची गोष्ट तर निराळीच, कारण तेथें पुष्कळदां कर्करोग हेंच रोपणाचें कारण असतें. १९९६ सालीं मिलान येथील डॉक्टरांनीं त्यास मर्यादा घालून दिली: गांठ एक असल्यास पांच सेंटिमीटरपर्यंत, अथवा तीनपर्यंत गांठी असल्यास प्रत्येकी तीन सेंटिमीटरपर्यंत.

रोपणानंतरची दक्षता दुहेरी असते. पहिली जुन्या रोगाची. यकृताच्या कर्करोगांत पहिलीं दोन-तीन वर्षें अधिक धोक्याचीं, म्हणून ठराविक मुदतीनें छाती व पोट यांचा सी. टी. स्कॅन आणि रक्तांतील अल्फा-फीटोप्रोटीन पाहतात. आंतड्याच्या कर्करोगांत दुर्बीण घालून आंतडें तपासतात. दुसरी दक्षता नव्या रोगाची. कारण अवयव बसविलेल्यांस एकंदरींत कर्करोगाचा संभव इतरांच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असतो. सबब त्वचा पाहणें, तंबाखूची संवय असलेल्यांचें तोंड पाहणें, स्त्रियांच्या स्तनांची व गर्भाशयमुखाची नियमित तपासणी करणें, हें सर्व आलें. मानेंत किंवा काखेंत गांठ, उगाच येणारा ताप, कारणावांचून घटणारें वजन, न भरणारा व्रण, यांपैकीं कांहींही दिसल्यास पुढील तारखेची वाट पाहूं नये.

आणि गोळ्या? त्या कमी करावयाच्या किंवा बदलावयाच्या, तर तें काम डॉक्टरांचें. सिरोलिमस नांवाच्या औषधावर नेल्यानें कित्येक रोग्यांतील त्वचेचे नवे कर्करोग कमी झाल्याचें दिसलें आहे. पण त्याचेही उपद्रव आहेत, आणि प्रत्येकास तें सोसत नाहीं. रोग्यानें आपल्या मनानें गोळ्या घटविल्यास कर्करोग टळेलच असें नाहीं. मूत्रपिंड मात्र हातचें जाऊं शकतें.

आमच्या मित्रांचें तसेंच होऊं घातलें होतें. रक्ततपासणींत क्रिएटिनिन चढलेलें आढळलें, तेव्हां गोळ्यांची गोष्ट उघडकीस आली. वहिनी एक शब्दही बोलल्या नाहींत. नुसत्या पाहत राहिल्या. तेंच त्यांना अधिक लागलें, असें ते आम्हांस मागाहून म्हणाले. सुदैवानें मूत्रपिंड सांवरलें. आंतड्याच्या तपासणींत एक लहानसा कोंब सांपडला. तो तेथल्या तेथें काढण्यांत आला. त्यांत कर्करोग नव्हता, पण राहता तर पुढें होऊं शकला असता.

आतां त्या घरीं भिंतीवरील दिनदर्शिकेवर एकादशी-चतुर्थीच्या जोडीस तपासणीच्या तारखाही मांडलेल्या असतात. त्या मांडण्याचें काम सूनबाईंकडे आहे. आणि तारीख जवळ आली कीं आठवण करून देण्याचें काम मातोश्रींनीं आपण होऊन पत्करलें आहे. दुखण्याचें नांव त्या अजूनही घेत नाहींत. "उद्यां लवकर उठायचें आहे ना रे?" एवढेंच विचारतात.