रायचा पाव आणि त्याचें आंबवण

फिनलंड, पोलंड, रशिया या थंड देशांत राय नांवाचें धान्य पिकतें. फोडणींतल्या राईशीं त्याचा नामसाम्यापलीकडे कांहीं संबंध नाहीं. राय हा गव्हाचा चुलतभाऊ होय. आरंभीं तर तो गव्हाच्या शेतांत तण म्हणूनच वाढला, असें रशियन शास्त्रज्ञ वाविलोव्ह यांनीं १९१७ सालीं प्रतिपादिलें. हिंवाळा कडक पडला कीं गहू मरे, तण उरे; अखेर शेतकऱ्यानें तणालाच पीक मानलें. फिनलंडांत लोकांचें पोट या रायवरच असे. १८६७ सालीं सप्टेंबरांतच कडाक्याच्या दंवानें उभें पीक गेलें, तेव्हां पाइन वृक्षाची आंतली साल दळून लोकांनीं ती पिठांत मिसळली. तरीहि त्या दुष्काळांत देशांतील शेंकडा सुमारें आठ माणसें दगावलीं.

परंतु या धान्याचा पाव सहज साधत नाहीं. गव्हाचें पीठ पाणी घालून मळलें म्हणजे ग्लूटेनचें चिवट जाळें तयार होतें, त्यांत खमिराचा वायु कोंडतो व पाव फुगतो. रायच्या पिठांत असें जाळें जवळ जवळ होतच नाहीं. तेथें पाणी व वायु धरण्याचें काम पेंटोसन नांवाचे डिंकासारखे बुळबुळीत पदार्थ करतात. दुसरी अडचण याहून मोठी. भट्टींत रायमधील स्टार्च गव्हाच्या मानानें लौकर फुलतो, आणि त्या वेळीं पिठांतील अमिलेझ हें पाचक द्रव्य अद्याप जोरांत असल्यामुळें तें स्टार्च विरघळवून टाकतें. वरून खरपूस, आंत चिकट लगदा! पीठ आंबवलें असतां आम्लामुळें अमिलेझचा जोर मोडतो. म्हणून गव्हाच्या पावांत आंबटपणा ही आवडीची बाब आहे. रायच्या पावांत ती गरज आहे.

आंबवणास बाहेरचें कांहीं लागत नाहीं. रायचें पीठ कोमट पाण्यांत कालवून उबेंत ठेवावें, रोज थोडें काढून तितकेंच ताजें पीठपाणी घालावें. पहिले दोनतीन दिवस दुर्गंध येतो, व पुष्कळ लोक येथेंच तें फेकून देतात. पुढें दह्यांतल्या जंतूंचे भाऊबंद तेथें वाढतात, नकोसे जंतू मरतात, आणि सुमारें आठवड्यानें स्वच्छ आंबूस वास येऊं लागतो.

फिनलंडच्या जुन्या घरांतून पीठ भिजविण्याची खोल काठवट धूतच नसत. कडेला वाळलेलें पीठ हेंच पुढच्या खेपेचें विरजण. पश्चिम भागांत तर वर्षांतून मोजक्याच वेळां भट्टी पेटे. मध्यें भोंक असलेले चपटे पाव काठीवर ओवून आढ्याखालीं वाळत टाकीत, आणि महिनेच्या महिने तेच पुरवून खात.