प्रतिपिंड विषाणूला कसे ओळखते?



श्रूजबरीहून क्विन्सिगमंड सरोवराचा पूल ओलांडला की वूस्टरमधील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय लागते. त्याच विद्यापीठाची मासबायोलॉजिक्स ही संस्था आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट यांनी मिळून रेबीजवर एक तयार प्रतिपिंड सिद्ध केले.

रेबीजच्या विषाणूवर एकाच प्रथिनाचे काटे असतात. त्यांच्याच आधारे तो पेशीत शिरतो. लसीतील निष्क्रिय विषाणूवरही हेच काटे असतात. शरीरातील असंख्य बी-पेशींपैकी ज्यांची घडण त्या काट्याच्या एखाद्या भागाशी जुळते, त्याच वाढतात व प्रतिपिंडे निर्माण करतात. प्रतिपिंडाची टोके काट्याला चिकटली की विषाणूची वाट अडते. ओळखणे म्हणजे हे आकारांचे जुळणे होय.

मात्र या घडामोडीस ७ ते १४ दिवस लागतात. तेवढ्यात विषाणू मज्जातंतूंत शिरू शकतो. आणि लक्षणे उमटल्यावर रोगी क्वचितच वाचतो. म्हणून लसीबरोबरच तयार प्रतिपिंड जखमेत व तिच्याभोवती टोचतात.

मायदेशी गेल्यावर मुलांना कुत्रा चावला, तर जखम १५ मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुवावी, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि लसीची एकही मात्रा चुकवू नये.