वैनगंगेच्या खोऱ्यातील शिकाऊ उड्डाणे

बालाघाटाकडून येऊन गोंदिया व भंडारा जिल्ह्यांतून उतरणारी आणि पुढे चंद्रपूर व गडचिरोली या दोन अरण्यप्रधान जिल्ह्यांची हद्द बनणारी वैनगंगा ज्या खोऱ्याला पोसते, त्यात गेल्या दीड-दोन दशकांत विमानविद्येची तालीम रुजली. गोंदियाजवळील बिरसीच्या महायुद्धकालीन धावपट्टीवर प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि पुढे नागपूर फ्लाइंग क्लबची शिकाऊ विमाने चंद्रपूरनजीक मोरव्यालाही येऊ लागली. या वाढीचा अभिमान बाळगताना तिने घेतलेले बळी विसरणे मला अप्रशस्त वाटते.

२६ एप्रिल २०१७ रोजी सकाळी बिरसीहून निघालेले विमान, वैनगंगेच्या पात्रावर जलमापनासाठी ताणलेल्या तारेस अडकून कोसळले. १८ मार्च २०२३ रोजी दुसरे बालाघाटच्या डोंगराळ रानात पडले. दोन्ही वेळी प्रशिक्षक व शिकणारी तरुणी असे दोन-दोन जीव गेले.

हे अपघात वाटेतले. परंतु नवशिक्याची खरी कसोटी उड्डाणाच्या क्षणीच लागते. पूर्ण शक्तीने फिरणारा पंखा विमानाचे नाक डावीकडे ओढतो आणि उजव्या पायाचा दाब जराही उशिरा पडला, की ते पट्टी सोडू पाहते; प्रशिक्षक उतरून गेल्यावरच्या पहिल्या एकट्या उड्डाणात तेच विमान हलके होऊन अपेक्षेआधीच जमीन सोडते. चंद्रपूरचा पारा ४६ अंशांवर गेला म्हणजे समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर उंचीवरची ही हवा इतकी विरळ होते, की इंजिनाला व पंखांना सुमारे महाबळेश्वराच्या उंचीवर असल्यासारखे श्रम पडतात. धाव लांबते, चढ मंदावतो. अशा वेळी इंजिन बंद पडले तर मागे वळून पट्टी गाठण्याचा मोह अनावर होतो, आणि कमी उंचीवर घेतलेल्या त्या वळणातच वेग सरून विमान कोसळते. नाक खाली करून जवळजवळ समोरच उतरावे, हा नियम प्रत्येकास मुखोद्गत असतो; पण समोर दाट रान, खाणी किंवा विजेच्या तारा दिसू लागल्या, की तो पाळण्यास विलक्षण धैर्य लागते.

विमान अपघात तपासाचे स्वतंत्र दप्तर २०१२ साली स्थापन झाले. त्याचा हेतू कोणाच्या माथी कसूर मारणे नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे. त्याचे अहवाल शिकणाऱ्यांच्या वर्गात मोठ्याने वाचले गेले, तरच त्या हेतूला अर्थ आहे. राजुरा तालुक्यातील मूर्ती-विहीरगावचा नियोजित विमानतळ वाघांच्या भ्रमणमार्गाच्या प्रश्नात गुंतल्याने तूर्त भार मोरव्यावरच आहे. म्हणून उन्हाळी सराव सकाळच्या पहिल्या प्रहरीच उरकावा, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांपुढील मोकळ्या जागा विद्यार्थ्याने एकट्याने उडण्यापूर्वी पायी हिंडून पाहाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.