पान पिवळं, पण विषाणू कोणता?

नागपूरच्या इतवारी स्थानकाच्या रुळांकडेला पेटारी, चिकणा, ओसाडी असलं तण पावसाळ्यात माजतं. त्यातल्या एखाद्या पानावर पिवळ्याधमक शिरांची जाळी दिसली, की ‘केवडा रोग आहे, पांढऱ्या माशीनं आणला’ असा निवाडा जागच्या जागी होतो. भेंडीवर तो बहुधा खरा ठरतो. मुंबई इलाख्यातल्या भेंडीवर या रोगाची नोंद थेट 1924 ची आहे. तणाबाबत मात्र इतकी घाई चालत नाही. लोह कमी पडलं तरी पान पिवळं होतं, फक्त तेव्हा शिरा हिरव्या राहतात आणि मधली जागा पिवळी पडते. केवड्यात नेमकं उलट. माशी बसलेली दिसणं हाही पुरावा नव्हे. रोगट झाडाचा रस शोषल्याशिवाय तिच्यात विषाणू येत नाही, आणि आल्यावरही तो दुसऱ्या झाडात सोडण्याजोगा व्हायला काही तास जातात. 2023 च्या खरिपात विदर्भातलं सोयाबीन पिवळं पडलं, तेव्हा पिवळा मोझॅक या विषाणूजन्य रोगाच्या जोडीला बुरशीजन्य रोगही होते. नुसत्या रंगावरून ते वेगळे काढता आले नसते.

‘पीसीआर केली, विषाणू सापडला, संपलं’ हा त्यापुढचा, शिकलेल्यांचा गैरसमज. विषाणूचा डीएनए शोधणारी ती चाचणी बहुतेकदा एवढंच सांगते की विषाणू बेगोमोव्हायरस गटातला आहे. म्हणजे आडनाव कळलं, नाव नाही. नावासाठी सुमारे 2,700 अक्षरांचा त्याचा डीएनए पुरता वाचून माहीत असलेल्या विषाणूंशी ताडून पाहावा लागतो. जुळणी 91 टक्क्यांखाली आली तरच तो नवी जात मानला जातो. एवढ्यानंही तोच रोगाचा कर्ता ठरत नाही. ओसाडीच्या केवड्यात सापडलेला विषाणू एकटा निरोगी रोपात घातला, तर ठरावीक लक्षणं उमटेनात; निम्म्या आकाराचा एक उपग्रही डीएनए सोबत दिल्यावरच शिरा पिवळ्या झाल्या. संशोधक नुसत्या विषाणूवर थांबले असते, तर निदान अर्धवटच राहिलं असतं.

यावर रोकडा आक्षेप येतो: नाव कशाला हवं, तण उपटा आणि मोकळे व्हा. उपटायला हरकत नाही. पण तणातला विषाणू आणि पिकातला विषाणू वेगळे असतील, तर बांध साफ करूनही पीक पिवळं पडायचंच, आणि फवारणीनं माशी मरते, झाडात शिरलेला विषाणू नाही. शिवाय सगळ्या रानझाडांना गुन्हेगार ठरवणंही अन्यायाचं. केवड्याला दाद न देणारी म्हणून आणलेली ‘परभणी क्रांती’ भेंडी परभणीच्या कृषी विद्यापीठात तयार झाली, ती भेंडीच्याच एका रानटी भाऊबंदाशी संकर करून. पान तपासायला द्यायचं असेल, तर लक्षण ठळक असलेलं कोवळं पान कागदी पाकिटात द्या; ओल्या प्लास्टिकमध्ये ते सडतं. आणि त्याच जातीच्या निरोगी झाडाचं एक पान वेगळ्या पाकिटात जोडा, तुलनेला ते लागतंच.