एका दूरध्वनीने संपवलेली कारकीर्द

भारतीय फिरकी गोलंदाजीचा विषय निघाला की बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन ही चार नावे एका दमात घेतली जातात. त्यांच्यानंतर अनिल कुंबळे आणि मग रविचंद्रन अश्विन. या परंपरेच्या आरंभी एका मुंबईकराचे नाव आदराने घ्यायला हवे. पण नव्या पिढीतील किती क्रिकेटप्रेमींना ते ठाऊक असेल, याविषयी शंकाच आहे. ते नाव म्हणजे सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते. ३६ कसोटी सामने आणि १४९ बळी, एवढीच त्यांची कसोटी कारकीर्द. ती संपली तेव्हा त्यांनी वयाची बत्तिशी नुकतीच पूर्ण केली होती. लेगस्पिनर ज्या वयात खऱ्या अर्थाने परिपक्व होऊ लागतो, ते हे वय. त्यांच्या बोटांतील जादू तेव्हा ओसरलेली नव्हती. कारकीर्द संपली ती एका हॉटेलच्या खोलीतून झालेल्या एका दूरध्वनीमुळे, आणि तो दूरध्वनी त्यांनी केलेला नव्हता.

गुप्ते यांची थोरवी समजून घ्यायची, तर आधी लेगस्पिन ही काय चीज आहे, ते पाहायला हवे. ऑफस्पिनर प्रामुख्याने बोटांनी चेंडू फिरवतो. लेगस्पिनरला मात्र मनगटाचा आधार घ्यावा लागतो. मनगटाला दिलेल्या झटक्यामुळे चेंडू अधिक वळतो, अधिक उसळतो. पण त्यावर ताबा ठेवणेही तितकेच अवघड होऊन बसते. बोटातून चेंडू किंचित आधी सुटला तर तो फुलटॉस पडतो, किंचित उशिरा सुटला तर आखूड. म्हणूनच लेगस्पिनर बळी मिळवून देणारा, परंतु धावांची खिरापत वाटणारा गोलंदाज मानला जातो. त्याचे ठेवणीतले अस्त्र म्हणजे गुगली. हात फिरतो तो लेगब्रेकसारखाच, पण चेंडू सोडताना मनगट असे वळलेले असते की टप्पा पडल्यावर चेंडू उलट्या दिशेने आत येतो. एक गुगली बेमालूमपणे टाकता येणे हीच अनेकांच्या दृष्टीने आयुष्यभराची साधना असते. गुप्ते यांच्या भात्यात दोन निरनिराळ्या गुगली होत्या. फलंदाजाने पहिली ओळखायला सुरुवात केली की ते दुसरी बाहेर काढीत. शिवाय चेंडूला भरपूर उंची देऊन, फलंदाजाला पुढे खेचून फसवण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते.

११ डिसेंबर १९२९ रोजी मुंबईत जन्मलेल्या गुप्ते यांचे कसोटी पदार्पण झाले ते १९५१ च्या डिसेंबरअखेर, कोलकात्याला, इंग्लंडविरुद्ध. त्या सामन्यात त्यांना एकही बळी मिळाला नाही. परंतु त्यानंतर जेमतेम वर्षभराने, विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ प्रथमच वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर गेला, आणि या तेवीस वर्षांच्या तरुणाने साऱ्या कॅरिबियन बेटांना आपली दखल घ्यायला लावली. वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे 'थ्री डब्ल्यूज' त्या वेळी भरात होते. पोर्ट ऑफ स्पेनच्या पहिल्याच कसोटीत एव्हर्टन वीक्स यांनी द्विशतक ठोकले. तरीही गुप्ते यांनी १६२ धावांत ७ गडी बाद केले. पाच कसोटींच्या त्या मालिकेत त्यांनी २७ बळी मिळवले. भारताने मालिका गमावली, पण एकाच पराभवाने; उरलेल्या चारही कसोटी अनिर्णित राहिल्या. त्या काळच्या वेस्ट इंडिजच्या भूमीवर ही कामगिरी लहान नव्हती.

त्यांना संघात 'फर्गी' म्हणत. वेस्ट इंडिजचे लेगस्पिनर विल्फ्रेड फर्ग्युसन यांच्यावरून पडलेले हे नाव. टोपणनाव वेस्ट इंडियन होते आणि पुढे सासरही वेस्ट इंडियनच मिळाले. याच दौऱ्यात त्रिनिदादमध्ये त्यांची कॅरोल यांच्याशी ओळख झाली आणि कालांतराने दोघे विवाहबद्ध झाले. या नात्याने पुढे त्यांच्या आयुष्याची दिशाच ठरवली.

पुढची काही वर्षे गुप्ते यांच्या वैभवाची होती. १९५४-५५ च्या मोसमात मुंबईकडून खेळताना पाकिस्तान सेनादल व बहावलपूर यांच्या संयुक्त संघाविरुद्ध त्यांनी ७८ धावांत दहाच्या दहा बळी घेतले. प्रथम श्रेणी सामन्यात एका डावात सर्व गडी टिपणारे ते पहिलेच भारतीय. त्याच मोसमात भारताने पाकिस्तानचा पहिला दौरा केला. पाचही कसोटी अनिर्णित राहिल्या, इतके दोन्ही संघ सावधपणे खेळत होते. अशा निरस मालिकेतही ढाक्याला गुप्ते यांनी एका डावात अवघ्या १८ धावांत ५ बळी मिळवले आणि मालिकेत एकूण २१. त्यानंतरच्या मोसमात न्यूझीलंडचा संघ भारतात आला. हैदराबादच्या पहिल्या कसोटीत ७ बळी घेऊन गुप्ते यांनी सुरुवात केली आणि मालिका संपली तेव्हा त्यांच्या नावावर ३४ बळी जमा होते. सरासरी वीस धावांच्याही आत. भारताने ती मालिका २-० अशी जिंकली. मालिकेतील बळींच्या या आकड्याच्या पुढे जायला भारतीय गोलंदाजाला १९७२-७३ चा मोसम उजाडावा लागला. इंग्लंडविरुद्ध चंद्रशेखर यांनी ३५ बळी मिळवले, तेव्हा.

१९५८ च्या डिसेंबरात कानपूरच्या ग्रीन पार्कवर गुप्ते यांनी आपल्या कारकिर्दीतील सर्वात संस्मरणीय गोलंदाजी केली. समोर पुन्हा वेस्ट इंडिज. पण आता सोबर्स, कन्हाय, बुचर यांचा नवा संघ. गुप्ते यांच्या लेगस्पिनपुढे या फलंदाजांची अशी दाणादाण उडाली की ८८ धावांत सहा गडी तंबूत परतले. यष्टिरक्षक जेरी अलेक्झांडर यांनी ७० धावा काढून डाव सावरला नसता, तर संघाची पुरती वाताहत झाली असती. पाहुण्यांचा डाव २२२ धावांवर आटोपला आणि त्यातले नऊ बळी एकट्या गुप्ते यांचे होते, १०२ धावांच्या मोबदल्यात. कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय ठरले. दहावा बळीही त्यांना मिळाला असता. पण लान्स गिब्ज यांचा झेल यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्या हातून निसटला. ताम्हाणे हे त्या काळातील आपले उत्तम यष्टिरक्षक. पण कधीतरी चूक व्हायची, ती नेमकी त्या क्षणी झाली. उरलेला एक गडी वसंत रांजणे यांनी बाद केला. कसोटीच्या एका डावात दहाही बळी घेणारा भारतीय पाहण्यासाठी आपल्याला ७ फेब्रुवारी १९९९ पर्यंत, दिल्लीच्या फिरोजशहा कोटलावरील कुंबळे यांच्या पराक्रमापर्यंत वाट पाहावी लागली.

एवढे करूनही कानपूरची ती कसोटी भारताने २०३ धावांनी गमावली. भारताचा पहिला डावही बरोबर २२२ धावांवरच संपला आणि दुसऱ्या डावात सोबर्स यांनी १९८ धावा कुटल्या. गुप्ते यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना हा संदर्भ विसरून चालणार नाही. लेगस्पिनर हा इतरांवर सर्वाधिक अवलंबून असणारा गोलंदाज आहे. त्याला स्लिपमध्ये आणि यष्टींमागे खात्रीचे हात लागतात. दोन-चार चौकार बसले तरी चेंडू काढून न घेणारा कर्णधार लागतो. फलकावर पुरेशा धावा लागतात. गुप्ते ज्या संघात होते, त्याला १९५८-५९ च्या त्या एका मालिकेतील पाच कसोटींत उम्रीगर, गुलाम अहमद, मंकड आणि अधिकारी असे चार कर्णधार लाभले. असा सावळागोंधळ असताना मालिका ३-० अशी गमावली, यात नवल ते काय! तरीही गुप्ते यांनी २२ बळी घेतले होते. १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात तर भारत पाचही कसोटी हरला. त्यातही त्यांनी १७ गडी टिपले. प्रति कसोटी चार बळींपेक्षा सरस अशी त्यांची एकूण कामगिरी या पार्श्वभूमीवर वाचायला हवी.

आता त्या दूरध्वनीविषयी. १९६१-६२ च्या मोसमात इंग्लंडचा संघ भारतात आला होता. कानपूरच्या दुसऱ्या कसोटीत गुप्ते यांनी ९० धावांत ५ बळी घेतले आणि इंग्लंडवर फॉलोऑनची नामुष्की ओढवली. भारताविरुद्ध इंग्लंडवर अशी वेळ प्रथमच आली होती. गुप्ते संपले, असे कोणी म्हणू लागले असेल तर त्याला हे चोख उत्तर होते. त्यानंतर तिसऱ्या कसोटीसाठी संघ दिल्लीला इंपीरियल हॉटेलमध्ये उतरला. गुप्ते आणि ए. जी. कृपाल सिंग एकाच खोलीत राहत होते. त्या खोलीतून हॉटेलच्या स्वागतिकेला दूरध्वनी गेला आणि तिला मद्यपानाचे निमंत्रण देण्यात आले. तिला ते रुचले नाही आणि तिने संघ व्यवस्थापकांकडे तक्रार केली. तक्रार करणे हा तिचा हक्कच होता आणि तिची दखल घेणे हे मंडळाचे कर्तव्यही होते. प्रश्न त्यानंतर काय झाले, हा आहे.

दूरध्वनी कृपाल सिंग यांनी केला होता. गुप्ते यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. गुप्ते यांनी हे पुढे आयुष्यभर सांगितले आणि क्रिकेटच्या इतिहासकारांनीही ते मान्य केले आहे. मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष एम. ए. चिदंबरम यांच्यापुढे गुप्ते यांना उभे करण्यात आले. तुम्ही सहकाऱ्याला का रोखले नाही, असे त्यांना विचारले गेले. तो धिप्पाड माणूस, त्याला मी कसा अडवणार, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. त्याचा उपयोग झाला नाही. दोघांनाही संघाबाहेर काढण्यात आले. भारताने कोलकाता आणि मद्रास येथील कसोटी जिंकून इंग्लंडविरुद्ध पहिल्यांदा मालिका जिंकली, तेव्हा तिचा पाया घालण्यात वाटा असलेले गुप्ते संघात नव्हते. पाठोपाठ १९६२ च्या आरंभी वेस्ट इंडिजचा दौरा होता. ज्या खेळपट्ट्यांवर त्यांनी नाव कमावले आणि ज्या त्रिनिदादचे ते जावई होते, तेथे जाणाऱ्या संघातही त्यांची निवड झाली नाही. तो दौरा भारताने ५-० असा गमावला. दिल्लीची कसोटी ही त्यांची अखेरची कसोटी ठरली. कृपाल सिंग यांना मात्र १९६४ मध्ये पुन्हा कसोटी खेळण्याची संधी मिळाली.

येथे मुद्दा केवळ एका खेळाडूवरील अन्यायाचा नाही. त्या काळी क्रिकेटपटूंशी मंडळाचा करार नसे. आरोप लेखी देण्याची, चौकशीची, निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची कोणतीही सोय नव्हती. निवड न होणे हीच शिक्षा होती, आणि तिचे कारण देण्याचे बंधन कोणावर नव्हते. किती काळासाठी शिक्षा, हेही कोणी सांगत नसे. याच्या शेजारी २०१९ सालची घटना ठेवून पाहावी. दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमातील आक्षेपार्ह वक्तव्यांबद्दल हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना त्या वर्षी जानेवारीत निलंबित करण्यात आले. परंतु काही दिवसांतच निलंबन उठवून प्रकरण लोकपालांकडे सोपवण्यात आले. लोकपालांनी दोघांचे म्हणणे ऐकले, एप्रिलमध्ये प्रत्येकी २० लाख रुपयांचा दंड ठोठावला आणि विषय संपला. त्याच वर्षी दोघेही विश्वचषक खेळले. ज्यांनी चूक केली होती, त्यांना मोजून मापून शिक्षा मिळाली. ज्यांनी चूक केलीच नव्हती, त्या गुप्ते यांना मुदत नसलेली शिक्षा भोगावी लागली होती. दोन्हींमधील फरक माणसांच्या चांगुलपणाचा नसून कार्यपद्धतीचा आहे.

गुप्ते यांनी आक्रस्ताळेपणा केला नाही. ते त्रिनिदादला गेले आणि तिथलेच झाले. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील ५३० बळींची पुंजी त्यांच्या गाठीशी होती. गॅरी सोबर्स यांना सर्वोत्तम लेगस्पिनर कोण, असे विचारले जाई, तेव्हा ते गुप्ते यांचे नाव घेत. शेन वॉर्न यांचा दबदबा निर्माण झाल्यानंतरही सोबर्स यांनी हे मत बदलले नाही. ज्याने दोघांचीही गोलंदाजी जवळून पाहिली आणि गुप्ते यांना तर बॅट घेऊन तोंड दिले, त्याचा हा अभिप्राय आहे. भारतीय मंडळानेही उशिरा का होईना, सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार देऊन त्यांचा सन्मान केला. पुरस्काराने गेलेली वर्षे परत येत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे गुप्ते यांचे निधन झाले. त्या वेळी भारतीय संघ वेस्ट इंडिजच्याच दौऱ्यावर होता. याच शहरात, ४९ वर्षांपूर्वी, एका तेवीस वर्षांच्या मुंबईकराने सात गडी टिपून जगाला आपली ओळख करून दिली होती. त्यांच्या खात्यावर आणखी किती बळी जमा झाले असते, याचा हिशेब आता मांडता येणार नाही. मात्र भारतीय फिरकीचा इतिहास सांगताना तो बेदी-प्रसन्नांपासून सुरू न करता गुप्ते यांच्यापासून सुरू करणे, एवढे तर आपल्याला सहज करता येईल.