पापडाची कृती असते, मग व्हिडिओची का नसावी?

मैत्रिणींनो, फाल्गुन सरत आला की आमच्या पाचोऱ्यात गच्च्या रिकाम्या राहत नाहीत. ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, कुरडया, शेवया... कोणाच्या खाटेवर काय वाळतंय हे शेजारणीला पाठ असतं. तुम्ही हे सगळं घरापुरतंच करत असाल, तर पुढचं पान उलटा. पण चार पैसे मिळवायला करत असाल, तर जरा बसा.

आमच्या शेजारच्या वहिनींचे बिबडे गल्लीत नावाजलेले. तीन उन्हाळ्यांपूर्वी त्यांच्या धाकट्याने मोबाइलवर एक छोटा व्हिडिओ केला. ओल्या कापडावर बिबडा थापला जातोय, मग कढईत फुलतोय, बस्स, एवढाच. तो पुण्या-मुंबईच्या खानदेशी घरांत पोचला आणि माहेरच्या आठवणीने बायकांचे फोन सुरू झाले. असे सात-आठ व्हिडिओ झाले, माल पावसाळ्याआधीच संपला. पुढच्या वर्षी वहिनींनी भिशीचे पैसे घालून दुप्पट ज्वारी घेतली, पाकिटं छापून घेतली. अन् त्याच उन्हाळ्यात पोराला पुण्यात नोकरी लागली. व्हिडिओ थांबले, फोन थांबले. श्रावणात पाकिटांची पोती माजघरात तशीच! "आई, सोपं आहे गं," असं तो फोनवर सांगायचा. पण काय सोपं आहे, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळं त्याच्या डोक्यात.

तुम्ही म्हणाल, व्हिडिओ ही कला, तिची कृती कशी लिहायची? अहो, बिबडे ही काय कमी कला आहे? तरीही ज्वारी किती दिवस भिजवायची, पीठ कितपत शिजवायचं, तिखट-मीठ किती, हे ठरलेलं असतं. म्हणून तर सून नवी असली तरी बिबडा बिघडत नाही.

लिज्जत पापडाचंच पाहा ना. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे हजारो बायका आल्या, तरी चव तीच राहिली. कारण पीठ एका ठिकाणी मळलं जातं, आणि लाटायला तेवढं बायका घरी नेतात. जाहिरातीतही तेच शहाणपण. दूरदर्शनवरचा तो हसरा ससा आठवतो? शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांची ती बाहुली. वर्षानुवर्षं तोच ससा, तेच हसणं. दरवेळी नवी टूम काढली नाही, म्हणूनच नुसता ससा दिसला की पापड आठवायचा. ब्रँड ब्रँड म्हणतात तो याहून फार वेगळा नसतो.

तर गेल्या माघात वहिनी, त्यांची जेठाणी आणि मी अशा तिघी शंभरपानी वही घेऊन बसलो. धाकट्याला फोन लावला आणि त्याने काय काय केलं होतं ते एकेक विचारून लिहून काढलं. निम्म्या गोष्टी त्याला स्वतःलाच सांगता येईनात!

पहिल्या पानावर जागा आणि वेळ. पूर्वेच्या ओसरीत सकाळी आठ ते दहा, ऊन तिरपं असतं तेव्हा. मोबाइलच्या तिकाटण्याचे पाय जिथे टेकतात, तिथे फरशीवर रंगाचे तीन ठिपके केले. परात ठेवायची तिथे चौथा. आता कोणीही उभं राहिलं तरी चित्र तेच येतं. खाली नेहमी तीच निळी चादर. आणि सुरू करण्याआधी लेन्स पदराने पुसायची. हसू नका, फोडणीच्या वाफेने आमची पहिली तीन चित्रणं धुरकट आली होती.

दुसऱ्या पानावर क्रम. आधी कढईत फुलणारा बिबडा, कारण पहिल्या दोन-तीन सेकंदांत डोळा खिळला नाही तर बघणारी पुढे सरकते. मग हात, मग वाळवण, मग मोडून खाणं, आणि शेवटी पाकीट, त्यावरचं नाव, फोन आणि अन्न परवान्याचा क्रमांक वाचता येईल इतक्या जवळून. प्रत्येक तुकडा दहा सेकंद, हात न हलवता.

बोलणं मात्र वेगळं भरायचं. आमच्याकडे मुंबई-भुसावळ लाइनवरून गाड्या सारख्या धडधडत जातात, शिवाय कुकरची शिट्टी आहेच. त्यावर जेठाणीबाईंनी युक्ती काढली : गोधड्यांच्या कपाटाचं दार उघडून आत तोंड करून बोलायचं. व माय, काय खणखणीत आवाज आला! त्यात "यंदा", "आज" आणि भाव हे तीन शब्द वर्ज्य. भाव खाली लिहायचा. बोललेला भाव बदलता येत नाही, आणि चांगला व्हिडिओ पुढच्या वर्षी वाया जातो. मोबाइलवरच्या जोडणीच्या अ‍ॅपमध्ये नाव, अक्षरं, सुरुवात यांचा एक साचा करून ठेवला आहे. सोऱ्यात चकती घालावी तसे नवे तुकडे त्यात घालायचे.

सगळ्यात मोठी चूक आम्ही दिवसांच्या हिशेबात करत होतो. रोज एक व्हिडिओ करायला गेलं तर संसार कोण बघणार? आणि आषाढात वाळवण दाखवायला आणणार कुठून? म्हणून चैत्र-वैशाखात चार सकाळी ठरवून बसायचं, एका सकाळी पाच व्हिडिओंचे तुकडे घ्यायचे. वीस झाले. दर पंधरवड्याला दोन सोडले तरी दिवाळी गाठता येते.

एक सावधगिरी सांगते. अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे यूट्यूबवरच्या 'आपली आजी', यांचं चॅनेल नातवाच्या मदतीने २०२० साली नावारूपाला आलं, आणि त्याच वर्षी कोणीतरी ते हॅक केलं. चार दिवसांनी परत मिळालं, पण तेवढ्यात जिवाला केवढा घोर! तेव्हा पासवर्ड घरातल्या दोघींना माहीत हवा, बाहेर कोणाला नको. दोन टप्प्यांची सुरक्षा लावून घ्या. मूळ तुकडे दुसरीकडेही साठवा.

वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, व्हिडिओ, फोन किती, किलो किती एवढेच रकाने आहेत. किती जणींनी पाहिला, हा रकाना आम्ही मुद्दाम ठेवला नाही. मोरासारख्या मांडलेल्या कुरडयांचा व्हिडिओ पुष्कळ फिरला, कुरडई अर्धा किलोसुद्धा गेली नाही. उलट बिबडा कच्चा राहिला तर कसा ओळखावा, हा साधा व्हिडिओ, त्याच्यावर नऊ किलोंची मागणी आली. वहिनी म्हणतात, विकत घेणारीला फसायची भीती असते, ती आपण काढली.

मागची पोती अजून पुरती फिटलेली नाहीत. भिशीचे दोन हप्ते बाकी आहेत. धाकटा परवा सुटीवर आला, तर मोबाइल घेऊन सरळ ओसरीत गेला. जेठाणीबाईंनी त्याला अडवलं. "आधी लेन्स पूस," म्हणाल्या, "आणि त्या ठिपक्यावर उभा राहा."