आधी पुसा, मग वंगण
औजारांची निगा : भाग 7

मागच्या आठवड्यात आपण ट्रॉलीच्या चाकांची बेअरिंगं पाहिली. आज दांडीखालचा स्क्रू जॅक.

दोनचाकी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडली की पुढचा सगळा भार या एका पायावर येतो. केळापूर तालुक्यात दिवाळीच्या सुमारास कापूस घरात येतो, पांढरकवड्याकडे भरलेल्या ट्रॉल्या निघतात आणि पावसाळाभर चिखलपाणी खाल्लेला जॅक नेमका तेव्हाच अडतो. मग कोणी हातोडा मारतं, कोणी त्यावरच ग्रीसचा गोळा थापतं. दोन्ही उपाय जॅकचं आयुष्य कमी करतात.

दांडा फिरवला की आटे पाडलेला स्क्रू नटातून वर-खाली सरकतो. या आट्यांचा चढ मुद्दाम कमी ठेवलेला असतो, म्हणून हात सोडला तरी भाराने स्क्रू उलटा फिरत नाही. भार धरून ठेवतं ते घर्षणच, आणि फिरवताना आपली अर्ध्याहून अधिक ताकद खातं तेही घर्षणच. वंगण ते पुरतं घालवत नाही. दोन धातूंच्या मध्ये पातळ थर राहतो, आटे झिजत नाहीत, गंज चढत नाही.

पण या थरात धूळ आणि मुरमाचे कण मिसळले तर त्याची कानस होते. जितकं जास्त ग्रीस उघड्यावर, तितकी जास्त धूळ चिकटणार. बंडीच्या आसाला ज्यांनी वंगण घातलंय त्यांना हे सांगायला नको: जुनं काळं वंगण चिंधीनं काढायचं, मगच नवं.

जॅकचंही तसंच करा. ट्रॉली रिकामी, सपाट जागी, ट्रॅक्टरला जोडलेली हवी; चाकांना दगड लावा. पायावर भार नसताना तो पूर्ण बाहेर काढा. तारेच्या ब्रशने माती झाडा, डिझेलच्या फडक्याने आटे पुसा, कोरडे होऊ द्या. आटे चेपले, झिजले असतील तर वंगण उपयोगाचं नाही, भाग बदला. नळीच्या आत झाकलेल्या आट्यांना आणि दातेरी चाकांना लिथियम ग्रीस, पिनांना तेलाचे दोन थेंब. पाय दोन-तीनदा वर-खाली करा आणि बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाका. हे काम मृगापूर्वी एकदा, वेचणीपूर्वी एकदा.

असे पाय फक्त ट्रॉलीलाच असतात असं नाही. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. टिपेश्वरच्या जंगलाकडे राष्ट्रीय महामार्ग 44 वरून उद्या अशी फिरती घरं आली, तर गाडीमागे ओढायच्या घरांना कोपऱ्यांत असेच पाय दिसतील. त्यांचं काम घर उचलण्याचं नाही, फक्त डुलू न देण्याचं. उचलायला वापरले तर ते वाकतात. त्यांचे आटे बहुधा उघडे आणि रस्त्याच्या धुळीत असतात, म्हणून तिथे ग्रीसपेक्षा सुकून जाणारं ग्रॅफाइट किंवा सिलिकॉनचं वंगण बरं.

आपल्या काळ्या मातीत कोणताही जॅक थेट टेकवू नका. ओली झाली की ती पायाला गिळते. खाली जाड फळी हवीच. आणि नुसत्या जॅकवर उभ्या ट्रॉलीखाली कधीच शिरू नका. जॅक कितीही नीट राखला तरी जीव त्याच्या भरवशावर ठेवायचा नसतो.

पुढच्या आठवड्यात : ट्रॉली उपडी करणारा हायड्रॉलिक जॅक आणि त्याचं तेल.